सिग्नलवर काम करणाऱ्या मुलांचा वर्ग : पहिल्या पाहणीपासून शाळेत टिकेपर्यंत

फळाखडू

सिग्नलवर गजरे, पेनं, फुगे, गाडी पुसायची फडकी विकणाऱ्या मुलांसाठी वर्ग सुरू करायचाय, काय करू, असं विचारणारे निरोप इथे वरचेवर येतात. सगळ्यांना एकाच जागी उत्तर मिळावं म्हणून हा धागा. ज्यांचं काम कागदपत्रांचं, आरोग्याचं किंवा शिकवण्याचं आहे त्यांनी आपापल्या भागात भर घालावी.

आधी एक गोष्ट स्पष्ट असू द्या. वर्ग हा पूल आहे, मुक्काम नाही. मूल नियमित शाळेच्या पटावर गेलं आणि पुढचं वर्षभर तिथे बसलं तरच काम झालं. पुलाखाली पाच वर्षं वर्ग चालतोय आणि तीच मुलं तिथेच बसताहेत, अशी अवस्था येऊ द्यायची नसेल तर पहिल्या दिवसापासून शाळेचा विचार हवा. अपवाद आहे तो ठाण्याच्या तीन हात नाक्याचा. तिथे समर्थ भारत व्यासपीठ आणि महापालिकेने २०१६ मध्ये उड्डाणपुलाखाली सिग्नल शाळा सुरू केली, म्हणजे शाळाच मुलांपाशी आणली. त्यामागे महापालिकेचं पाठबळ, कंटेनरमधल्या वर्गखोल्या आणि पूर्णवेळ शिक्षक आहेत. चार स्वयंसेवकांच्या गटाने तिची नक्कल करू नये.

पाहणी. शिकवायला लागण्याआधी दोन आठवडे फक्त पाहा. एकाच नाक्यावर सकाळी ७ ते १०, दुपारी १ ते ३, संध्याकाळी ५ ते ९ अशा तिन्ही वेळा जा. एक शनिवार आणि एक सुट्टीचा दिवस धरा. मुलं साधारण चार प्रकारची दिसतील :

- कुटुंबासह फुटपाथवर किंवा पुलाखाली राहणारी
- संध्याकाळी वस्तीत घरी जाणारी, दिवसा रस्त्यावर काम करणारी
- हंगामी : दिवाळीनंतर येणारी, पावसाळ्याच्या तोंडावर गावी परतणारी
- एकटी, मोठं माणूस कुणीच नसलेली. ही जास्त करून रेल्वे स्टेशनच्या आसपास

पहिल्या तिघांसाठी वर्ग आहे. चौथ्याला आधी संरक्षण लागतं, पाटी-पेन्सिल नंतर. त्याबद्दल कायदा जाणणाऱ्यांनी लिहावं.

वहीत काय लिहायचं : नाव, हाकेचं नाव, अंदाजे वय, गाव-तालुका, घरात कुठली भाषा बोलतात, कधी शाळेत गेलं होतं का व कितवीपर्यंत, सोबत मोठं कोण, कडेवर धाकटं भावंड आहे का, काय विकतं, कुठल्या वेळी मोकळं असतं. कमाई किती हे पहिल्या भेटीत विचारू नका, तुम्ही पोलिसांचे किंवा पालिकेचे आहात असा समज होतो. फोटो काढू नका. खाऊ, कपडे, दप्तरं वाटत सुरुवात करू नका. वाटपाने जमलेली मुलं वाटप थांबलं की जातात, आणि खरं नुकसान म्हणजे आईबाप तुम्हाला देणारे समजू लागतात. मग शाळेत घालायचंही काहीतरी मिळाल्याशिवाय होत नाही.

वेळ. सर्वांत जास्त वर्ग इथेच फसतात. स्वयंसेवक नोकरी करणारे, त्यांना संध्याकाळी ६ सोयीचे. मुलांची सगळ्यात जास्त विक्री त्याच वेळी असते. नाक्यावर धंदा साधारण ९ ते ११ आणि ५ ते ९, म्हणून ११.३० ते ३.३० ही खिडकी धरा. कचरा वेचणारी मुलं पहाटे निघतात, माल निवडून भंगारवाल्याकडे वजन करून मोकळी व्हायला ११ वाजतात. गजरेवाल्यांकडे दुपारी ओवणं चालू असतं, पण ते बसून करायचं काम असल्यामुळे तासभर सुटका करून घेता येते. शनिवारी लिंबू-मिरचीवाली मुलं येणार नाहीत. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारीच्या आधीचा आठवडा झेंडे विकण्यात जातो. हे दिवस आधीच वहीत खुणा करून ठेवा आणि त्या दिवसांत नवा भाग शिकवू नका.

जागा. मुलांच्या कामाच्या जागेपासून पाच-सात मिनिटांवर, मोठा रस्ता न ओलांडता पोहोचता येईल अशी, आईला लांबून दिसेल अशी. पुलाखाली सावली मिळते, पण धूळ आणि हॉर्न इतके की बारापेक्षा जास्त मुलांशी एकदम तोंडी बोलणं जमत नाही. जवळच्या महापालिका शाळेत दुपारी रिकामी खोली मिळत असेल तर वॉर्ड ऑफिस आणि मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करून तीच घ्या. मुलांच्या पायाला शाळेच्या पायऱ्यांची सवय होते, आणि स्वच्छतागृह मिळतं. स्वच्छतागृह नसलं तर दहा-अकरा वर्षांपुढच्या मुली हळूहळू यायच्या बंद होतात.

साहित्य, २० मुलांसाठी : पाट्या २०, पाटीवरच्या पेन्सिलींचे ४ डबे, अक्षरकार्डांचे २ संच, बाराखडीचा मोठा तक्ता १, १ ते १०० अंककार्डं २ संच, शंभर काड्या आणि रबरबँड, खेळण्यातल्या नोटा, पानावर एक-दोन ओळी असलेली ४०-५० गोष्टींची पुस्तकं, सतरंज्या ४, झाकणाचा २० लिटरचा पाण्याचा जार, साबण, नेलकटर, कुलपाची पत्र्याची पेटी. वह्या पहिल्या महिन्यात नकोत. घरी ठेवायला जागा नाही, पावसात भिजतात, हरवल्या की मूल ओरडा बसेल या भीतीने येत नाही. सगळं पेटीतच राहू द्या.

---

अंकवेल

उत्तम सुरुवात. शिकवण्याच्या बाजूने भर घालते.

वयानुसार गट पाडू नका. बारा वर्षांच्या मुलाला एक अक्षर येत नाही आणि आठ वर्षांची मुलगी परिच्छेद वाचते, असं सर्रास असतं. मुलांचं वाचन-गणित तपासणाऱ्या 'असर' या देशव्यापी पाहणीत वापरतात तीच चाचणी पुरेशी आहे : अक्षरं, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. एका मुलाला पाच मिनिटं लागतात. चाचणी बाजूला बसून एकेकट्याची घ्या. मोठं मूल लहानांसमोर अडखळलं तर दुसऱ्या दिवशी यायचं नाही. गट तीनच करा : अक्षरापर्यंत, शब्दापर्यंत, त्यापुढे. दर महिन्याला पुन्हा चाचणी, आणि वर सरकलेलं मूल त्याच दिवशी वरच्या गटात.

दोन तासांचा आराखडा : सुरुवातीला १० मिनिटं हातपाय धुणं आणि गप्पा, ४० मिनिटं वाचन-लेखन, १५ मिनिटं खाऊ, ४० मिनिटं गणित, उरलेला वेळ खेळ किंवा गोष्ट. खाऊ मधोमध ठेवण्याला कारण आहे. सुरुवातीला दिला तर खाऊन निघून जातात, शेवटी ठेवला तर शेवटीच येतात. माणशी मूठभर भाजलेले चणे-शेंगदाणे आणि एक केळं चालतं. शिजवलेलं अन्न दुपारच्या उन्हात बाहेरून आणण्याचा धोका पत्करू नका.

गणित. ही मुलं व्यवहारात पक्की असतात. वीसचे तीन गजरे, शंभराची नोट, परत चाळीस : सिग्नल सुटायच्या आत होतं. तेच १०० − ६० उभं मांडून दिलं की हात थांबतो. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांचा अभ्यास १९८५ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात नेमकं हेच दिसलं होतं. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो व सहकाऱ्यांचा अभ्यास २०२५ मध्ये 'नेचर'मध्ये आला, त्याचाही निष्कर्ष तोच. उलटी बाजूही त्यात आहे : शाळेत जाणाऱ्या, बाजारात काम न करणाऱ्या मुलांना बाजारातले हिशेब जमत नव्हते. म्हणजे पुस्तकातल्या गणिताकडे नेणारा रस्ता वेगळा बांधावा लागतो.

पायऱ्या अशा. आधी तोंडी सौदा. मग तोच सौदा खेळण्यातल्या नोटांनी. मग नोटांच्या जागी काड्यांचे दहाचे गठ्ठे. मग पाटीवर 'द' आणि 'ए' असे दोन रकाने. चिन्ह सगळ्यात शेवटी. घाई केली की दोन चुका हमखास येतात. एकशे पाच हे १००५ असं लिहिलं जातं, कारण बोलताना 'एकशे' आणि 'पाच' सुटे ऐकू येतात. आणि हातच्याच्या वजाबाकीत वरून खालचं न करता मोठ्यातून लहान वजा होतं : ५२ − ३८ चं उत्तर २६. दोन्हींना औषध एकच, परत काड्यांवर जाणं. सोडा, पुन्हा बांधा, मोजा. पाढे घोकून घेण्यात पहिले तीन महिने घालवू नका. त्यांना २०, ५० आणि १०० चे पाढे येतातच, तिथून ५ आणि १० कडे या.

भाषा. पारधी मुलांच्या घरची बोली गुजरातीच्या जवळची, वडार मुलांची तेलुगूच्या वळणाची, बंजारा मुलांची गोरमाटी, आणि नाक्यावर सगळी हिंदी बोलतात. मराठी ही कानावरची तिसरी भाषा असू शकते. म्हणून 'ग गणपतीचा'पासून सुरू करण्याआधी मुलांकडून त्यांच्या धंद्यातले शब्द घ्या : गजरा, दोरा, पुडी, गाडी, काच, नाका. वाचनाची पहिली वीस कार्डं यांचीच. काना-मात्रांसाठी बाराखडीचा तक्ता रोज पाच मिनिटं आडवा आणि उभा, दोन्ही. ऱ्हस्व-दीर्घावरून पहिल्या सहा महिन्यांत लाल खूण करू नये, वाचन चालू राहणं जास्त मोलाचं.

---

कातरवेळ

एक शंका मनापासून विचारतो. दुपारी वर्ग आणि संध्याकाळी परत सिग्नल, म्हणजे आपण बालमजुरी सोयीची करून देतो असं नाही का होत? सरळ हेल्पलाइनला कळवून मुलांना तिथून हलवणं बरोबर नाही का?

---

कलमदान

@कातरवेळ, शंका रास्त आहे. उत्तर मूल कोणत्या परिस्थितीत आहे यावर ठरतं.

कायदा काय म्हणतो ते आधी. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालील मुलांना कुठल्याही कामावर ठेवायला बंदी आहे. आपल्या कामाशी संबंधित सूट एवढीच की स्वतःच्या कुटुंबाच्या धोका नसलेल्या कामात शाळा सुटल्यावर आणि सुट्टीत मदत करता येते. कामावर ठेवणाऱ्याला सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. बाल न्याय अधिनियम २०१५ नुसार कामगार कायद्याविरुद्ध काम करताना, भीक मागताना किंवा रस्त्यावर राहताना आढळलेलं मूल 'काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं बालक' ठरतं. त्याची जबाबदारी जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीची : एक अध्यक्ष, चार सदस्य. मुलाला ताब्यात घेतलं तर प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत समितीसमोर हजर करावंच लागतं.

लगेच १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनला फोन करायचे प्रसंग : मूल एकटं आहे, मागे नात्यातला नसलेला 'मालक' आहे, तो पैसे गोळा करतो, मारहाणीच्या किंवा भाजल्याच्या खुणा आहेत, नशा चालू आहे, बाळाला भाड्याने फिरवलं जातंय असा संशय आहे. लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाली तर पॉक्सो २०१२ च्या कलम १९ नुसार पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, 'आधी खात्री करून घेऊ' म्हणत थांबता येत नाही. १०९८ ही सेवा १९९६ मध्ये मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने सुरू झाली, २०२३ पासून ती सरकारी यंत्रणेतून चालते आणि ११२ शी जोडलेली आहे. फोन करताना नाका, कोणत्या बाजूचा रस्ता, जवळची खूण, मुलाचे कपडे, सोबत कोण आणि कुठल्या वेळी दिसतं एवढं सांगा. नुसतं 'एक मुलगा भीक मागतोय' यावर पथक येऊन परत जातं, कारण तोवर मूल पुढच्या सिग्नलला गेलेलं असतं.

पण आई शेजारीच विक्री करते आहे, रात्री सगळे एकत्र झोपतात, मूल मदतीला उभं आहे, अशा घरातून मूल उचलून बालगृहात ठेवलं तर कुटुंब दुसऱ्या दिवशी शहराच्या दुसऱ्या टोकाला जातं. समितीने मूल परत सोपवल्यावर ते पुन्हा सिग्नलवरच, फक्त आता तुमच्या नजरेआड. इथे वर्ग, प्रवेश आणि घरच्या कमाईला पर्याय हा लांबचा रस्ताच धरावा लागतो. कामाचे तास कमी होणं हे वर्गाचं उद्दिष्ट म्हणून लिहून ठेवा आणि दर तीन महिन्यांनी तपासा. तास तेवढेच राहिले असतील तर वर्ग बदलायला हवा, हे तुमचं म्हणणं मला मान्य आहे.

आता प्रवेश. शिक्षण हक्क कायदा, २००९ (लागू १ एप्रिल २०१०). ही कलमं मुख्याध्यापकांशी बोलताना तोंडपाठ हवीत :

- कलम ४ : वयानुरूप वर्गात प्रवेश, बरोबरीने येण्यासाठी विशेष प्रशिक्षण (नियमांप्रमाणे किमान ३ महिने, कमाल २ वर्षं), १४ वर्षं उलटली तरी आठवीपर्यंत मोफत शिक्षण
- कलम ५ : आधीच्या शाळेचा दाखला नाही म्हणून अडवता येत नाही
- कलम १४ : वयाचा पुरावा नाही म्हणून नाकारता येत नाही
- कलम १५ : वर्ष सुरू झालं तरी प्रवेश द्यावा लागतो

जन्मदाखला नसेल तर दवाखान्याची किंवा परिचारिकेच्या रजिस्टरची नोंद, अंगणवाडीची नोंद, आणि तेही नसेल तर पालकांचं साध्या कागदावरचं वयाचं प्रतिज्ञापन चालतं.

अर्ज दोन प्रतींत न्या, एकीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. तोंडी नकार मिळाला तर भांडू नका, 'हे कारण अर्जावर लिहून द्या' एवढंच म्हणा. बहुतेक वेळा तिथेच प्रवेश होतो. नाहीच झाला तर महापालिका शिक्षण विभाग, त्यानंतर राज्य बालहक्क संरक्षण आयोग.

मुख्याध्यापक का कचरतात तेही समजून घ्या. शिक्षकांची पदं ठरवणाऱ्या संचमान्यतेत आधार जुळलेलेच विद्यार्थी धरले जातात. बिनआधाराचं मूल म्हणजे पटावर ओझं, आणि ते तीस दिवस सलग गैरहजर राहिलं की शाळाबाह्य म्हणून त्याचा जाब द्यावा लागतो. त्यामुळे 'आधार आम्ही दोन महिन्यांत करून देतो, गैरहजेरीचा पाठपुरावा आम्ही करतो' हे लेखी द्या. परिसरातल्या शाळेत बालरक्षक (शाळाबाह्य मुलांना शाळेत आणण्याची जबाबदारी घेतलेला) शिक्षक असेल तर आधी त्याला भेटा, निम्मं काम सोपं होतं.

दोन चुका पुढे फार महाग पडतात. पहिली जन्मतारखेची. घाईत सगळ्यांची १ जून टाकली जाते, वर्षही अंदाजाने. शाळेच्या रजिस्टरमधली तारीख नंतर बदलायला शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. आईला तारखा विचारू नका. सण, पाऊस, आधीच्या-नंतरच्या भावंडातलं अंतर, गावातली एखादी मोठी घटना यांवरून महिना-वर्ष ठरवा. दुसरी नावाची. हाकेचं नाव, आडनाव, वडिलांचं नाव आधार आणि शाळा दोन्हीकडे अक्षरशः एक हवं. एका वेलांटीच्या फरकाने पुढे शिष्यवृत्ती अडते.

जातीच्या दाखल्यासाठी प्रवेश थांबवू नका, त्याला वेळ लागतो. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. गावच्या शाळेतलं आजोबा-पणजोबांचं किंवा चुलत घराण्यातल्या कुणाचं रजिस्टर हा बहुधा एकमेव धागा असतो. दिवाळीला कुटुंब गावी जातं तेव्हाच ते काम सांगून पाठवा.

---

पिंपळपार

कागदपत्रांबाबत एक जोड. अतिक्रमण हटवताना गाठोड्यांबरोबर कागदही जातात. प्रत्येक मुलाच्या कागदांच्या दोन छायाप्रती तुमच्या पेटीत आणि स्कॅन एका कुलूपबंद फोल्डरमध्ये हवेत. मूळ कागद मात्र पालकांकडेच, प्लास्टिकच्या चेनवाल्या पिशवीत. कुठल्याही गटाने मूळ आधार किंवा रेशनकार्ड स्वतःकडे ठेवू नये.

---

हळदकुंडी

आरोग्याचं लिहिते. वर्गात रोज दिसणाऱ्या गोष्टी तेवढ्याच.

खरूज. एका मुलाला मलम देऊन उपयोग नाही. शेजारी झोपणाऱ्या सगळ्यांना एकाच रात्री लावावं लागतं, मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांसकट, आणि आठवड्याने पुन्हा. कपडे-पांघरुणं गरम पाण्यात धुणं फुटपाथवर अशक्य असतं, त्याऐवजी मोठ्या प्लास्टिक पिशवीत घट्ट बांधून तीन-चार दिवस ठेवली तरी चालतं. मलम महापालिका दवाखान्यातून डॉक्टरांना दाखवूनच घ्या, तान्ह्यांचं आणि गरोदर बाईचं वेगळं असतं.

जंत आणि अशक्तपणा. अंगणवाडी आणि शाळेत जंतनाशक दिनाला गोळी मिळते, पण पटावर नसलेली मुलं सुटतात. आरोग्य सेविकेला आधी यादी दिली तर ती वर्गात येऊन देते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना तपासतं, त्यांनाही वर्गाचा पत्ता द्या.

जखमा. कचरा वेचणाऱ्या मुलांच्या तळव्यांना काच-पत्र्याचे काप असतात. वाहत्या पाण्याने आणि साबणाने पाच मिनिटं धुवा, स्वच्छ कापड बांधा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनसाठी त्याच दिवशी दवाखान्यात न्या. हळद, राख, चुना भरलेला असेल तर ओरडू नका, धुऊन काढा.

नशा. व्हाइटनर, थिनर, पंक्चरचं सोल्युशन रुमालावर घेऊन हुंगतात. खुणा : कपड्यांना गोडसर रसायनाचा वास, नाका-तोंडाभोवती पुरळ, झापड, अडखळतं बोलणं. हे नीट लक्षात ठेवा : हुंगलेल्या अवस्थेत मुलाच्या मागे धावू नका, दरडावू नका, हिसकावून घेऊ नका. या रसायनांनंतर अचानक घाबरल्याने किंवा पळाल्याने हृदयाचे ठोके बिघडून मृत्यू येऊ शकतो. मोकळ्या हवेत बसवा, जवळ काडी-विडी पेटू देऊ नका, शांत आवाजात बोला, बेशुद्ध होत असेल तर कुशीवर वळवून १०८ ला फोन करा. वर्गात 'नशा करून आलास तर हाकलून देऊ' हा नियम ठेवू नका. त्या दिवशी शिकायला नाही तर बसायला येऊ द्या, समुपदेशक शोधा. मुलाला नशेचा पदार्थ देणाऱ्याला बाल न्याय अधिनियमाच्या कलम ७७ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. दुकानदाराशी बोलताना एवढं एक वाक्य पुरतं.

---

नवीपालवी

शनिवार-रविवार दोन-दोन तास देऊ शकते. शिकवायला आवडेल. कुठे कमी पडतं सध्या?

---

फळाखडू

@नवीपालवी, शिकवणं नको, असं सांगितलं तर राग मानू नका. आठवड्यातून दोनदा येणारा नवा चेहरा प्रत्येक वेळी 'अ आ इ' पासून सुरू करतो आणि मुलं कंटाळतात. कमी पडतं ते पाठपुराव्यात. आईला घेऊन आधार केंद्रावर जाणं, पोस्टात खातं उघडणं, रविवारी गोष्टींची पुस्तकं घेऊन तासभर वाचून दाखवणं (मात्र ठरलेल्या वेळी, वर्षभर), पालकांच्या फोननंबरांची यादी दर महिन्याला फोन लावून ताजी करणं. हे चार महिने झालं की शिकवण्याकडे या.

दोन नियम सगळ्या स्वयंसेवकांना. कुणीही एकटं मोठं माणूस एकट्या मुलासोबत नसावं, आणि पोलीस पडताळणी आधी. फोटोंबाबत : बाल न्याय अधिनियमाचं कलम ७४ ओळख उघड करायला मनाई करतं. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. देणगीदाराला दाखवायचं असेल तर हजेरीपट नावं झाकून दाखवा, चेहरे नाहीत.

---

ताळेबंद

पैशाचं कुणीच लिहिलं नाही, म्हणून लिहितो. मूल सिग्नल सोडतं तेव्हा घरातली रोजची काही रक्कम जाते. ती कुठून भरून निघणार हे न ठरवता प्रवेश घेतला तर पंधरा दिवसांत मूल परत सिग्नलवर.

वर्गाने रोख देऊ नये. ज्यांच्या मुलांना मिळत नाही ती घरं दुरावतात, आणि मूल शाळेत जाण्याचा 'दर' ठरतो. सरकारी मार्ग दोन आहेत. मिशन वात्सल्यची प्रायोजकत्व योजना, मुलामागे महिना ४,००० रुपये, शहरी भागात उत्पन्नमर्यादा वर्षाला ९६,०००. आणि राज्याची बालसंगोपन योजना, महिना २,२५०. दोन्हींना बँक खातं, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा काहीतरी पुरावा, सामाजिक तपासणी अहवाल आणि समितीचा आदेश लागतो. प्रत्येक घर बसतंच असं नाही. एकल पालक, गंभीर आजार, तुरुंगवास अशी कारणं असतील तर प्रकरण लवकर उभं राहतं. जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज दिल्यावर महिन्यामहिन्याला चौकशी करा, फाइल बहुतेक वेळा रहिवास पुराव्यापाशी अडकलेली असते.

तिसरा मार्ग आईच्या धंद्याचा, आणि माझ्या मते तोच टिकतो. मूल वाहनांमधून विकतं कारण आईला एका जागी बसायला जागा नाही. पथविक्रेता म्हणून महापालिकेचं प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र मिळालं तर पीएम स्वनिधीचं कर्ज मिळतं : पहिला टप्पा आधी १०,००० होता, २०२५ च्या फेररचनेत १५,००० झाला. एका जागेवरची टोपली झाली की मुलाला पळावं लागत नाही. पुण्यात कचरावेचकांनी १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी केली, मोठ्यांना ओळखपत्रं मिळाली, पुढे दारोदार कचरा गोळा करण्याचं काम मिळालं. मोठ्यांचं काम सुधारलं की पोराला उकिरड्यावर न्यायची गरज कमी होते. मुलांच्या शिक्षणाचा विचार मोठ्यांच्या रोजगारापासून तोडून करू नका, ही कळकळीची विनंती.

धाकट्या भावंडाचाही हिशेब यातच येतो. आठ-नऊ वर्षांची मुलगी शाळेत गेली तर कडेवरचं बाळ कुणाकडे? तीन वर्षांपुढचं अंगणवाडीत जाईल. त्याखालच्यासाठी वर्गाच्या कोपऱ्यात एक सतरंजी, चार खेळणी आणि वस्तीतलीच एक पगारी मदतनीस ठेवा. वर्गाच्या खर्चात पहिली ओळ हीच हवी. ती नसेल तर पटावर मुलगेच राहतात.

---

कातरवेळ

@कलमदान, @ताळेबंद, आभार. शंका फिटली. आता पुढचं : प्रवेश झाल्यावर मुलं नेमकी कधी गळतात?

---

फळाखडू

तीन ठिकाणी, आणि तिन्ही आधी ओळखता येतात.

पहिला महिना. अंघोळ, गणवेश, वेळेवर पोहोचणं, वर्गातल्या इतर मुलांचं 'सिग्नलवाला' म्हणणं. पहिले तीस दिवस सकाळी कुणीतरी नाक्यावरून मुलांना सोबत घेऊन शाळेत पोहोचवायलाच हवं. वर्गशिक्षकाला आधी भेटून दोन गोष्टी मागा : मागच्या बाकावर एकत्र बसवू नका, आणि सगळ्यांसमोर कागदपत्रं मागू नका. दुपारचा आपला वर्ग बंद न करता शाळेनंतरचा अभ्यासवर्ग करा. शाळेत बारा मुलं बसली आणि पूलवर्ग त्याच दिवशी मोडला, तर सहा महिन्यांनी पुन्हा शून्यावर येतो.

दुसरं, सहामाही परीक्षा आणि दिवाळी. कुटुंब गावी जातं, महिनाभर येत नाही. जाण्याआधी शाळेकडून शिक्षण हमी कार्ड घ्या, म्हणजे तिकडच्या शाळेत बसता येतं. कार्डावर मुलाची सध्याची वाचन-गणिताची पातळी तुम्ही स्वतः लिहून द्या, नाहीतर तिथे पुन्हा पहिलीत बसवतात. आणि गावातल्या एका नातेवाइकाचा फोननंबर घेऊन ठेवा, पालकांची सिमकार्डं बदलत असतात.

तिसरं, तेरा-चौदा वर्षं. मुलगे हेल्परच्या कामाला लागतात, मुलींची लग्नं ठरतात. या वयाला नुकतं वाचायला लागलेल्या मुलाला आठवीत बसवणं क्रूर वाटतं, आणि असतंही. अशांसाठी राज्य मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी-आठवीच्या परीक्षा किंवा राष्ट्रीय मुक्त शाळेचे अ, ब, क स्तर (तिसरी, पाचवी, आठवीच्या बरोबरीचे) बघा. दहावीला बाहेरून बसण्यासाठी १७ नंबरचा अर्ज असतो. लग्न ठरल्याची कुणकुण लागली तर १०९८.

हजेरी मोजताना सरासरी काढू नका. वीसपैकी रोज पंधरा आली तर चांगलं वाटतं, पण ती दररोज वेगळी पंधरा असू शकतात. महिन्यात बारा दिवसांपेक्षा कमी आलेल्यांची नावं वेगळी लिहा आणि फक्त त्यांच्याकडे जा.

---

अंकवेल

फळाखडू, गळतीचं एक ठिकाण राहिलं : शाळाबदल. बऱ्याच महापालिका शाळा चौथी, पाचवी किंवा सातवीला संपतात. पुढची शाळा दीड-दोन किलोमीटरवर, मध्ये चौक. निकालाच्या दिवशी दाखला घ्यायला घरचं कुणी जात नाही, सुट्टीत शाळा बंद, जूनमध्ये नवी शाळा दाखला मागते. कायद्याने अडवता येत नसलं तरी आठ-दहा दिवस त्यात जातात आणि तेवढ्यात मूल कामाला लागतं.

---

कलमदान

बरोबर. यावर उपाय एप्रिलमध्येच करायचा. शेवटच्या वर्गातल्या मुलांची यादी १ एप्रिलला काढा. पालकांच्या सहीचा अर्ज देऊन निकालाच्या दिवशीच दाखला आणि गुणपत्रक हातात घ्या, विद्यार्थी ओळख क्रमांक त्यावर आहे ना ते तिथेच बघा. मे महिन्यात मुलांना घेऊन नव्या शाळेपर्यंत दोनदा चालत जा, कुठला सिग्नल ओलांडायचा, कुठून पाणी मिळतं ते दाखवा. शाळा उघडायच्या दिवशी दाखला पालकांच्या हातून द्या, तुम्ही सोबत असा. नव्या शाळेत पोषण आहाराच्या यादीत नाव त्याच आठवड्यात चढलं का हे शुक्रवारी जाऊन विचारा. ते राहून गेलेलं मूल दुपारी जेवायला नाक्यावर येतं आणि संध्याकाळपर्यंत तिथेच थांबतं.